मादलेन व्हियोने : सुईदोऱ्याने घडवलेले आयुष्य

आपल्या मंडळाच्या शिवणवर्गाला येणाऱ्या मुली पुष्कळदा विचारतात की, मावशी, फॅशनच्या धंद्यात आम्हांला काही करता येईल का? मासिकांतली चित्रे पाहून त्यांना वाटते की, तिथे फक्त सुंदर कपडे घालून मिरवायचे असते. पण त्या कपड्यांमागे किती जणींचे हात राबतात हे चित्रात दिसत नाही. म्हणून मी आज एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची हकिकत सांगणार आहे. त्या फ्रान्स देशातल्या. तरी त्यांचे सुरुवातीचे दिवस वाचताना आपल्याच ओळखीतली कोणी आठवेल.

मादलेन व्हियोने यांचा जन्म २२ जून १८७६ रोजी झाला. आईवडील वेगळे झालेले. मुलगी वडिलांजवळ, पॅरिस शहराच्या कडेला असलेल्या एका साध्या वस्तीत वाढली. अभ्यासात हुशार होती, पण घरची परिस्थिती बेताची. बाराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि ती एका शिवणाऱ्या बाईच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागली. अठराव्या वर्षी लग्न झाले. एक मुलगी झाली, ती तान्हेपणीच गेली. पुढे तो संसारही टिकला नाही. एवढ्या लहान वयात एवढे दुःख पदरी आले तरी हातातली सुई तिने खाली ठेवली नाही.

मादलेन एकटी लंडनला गेली. तिथे आधी इस्पितळातले कपडे शिवण्याचे काम केले, मग केट रायली नावाच्या बाईंच्या दुकानात लागली. पॅरिसच्या कपड्यांबरहुकूम कपडे तिथे शिवून मिळत. चांगला कपडा कसा घडला आहे हे उलगडून पाहण्याची सवय तिला तिथे लागली असणार. १९०० च्या सुमारास ती पॅरिसला परतली आणि कालो भगिनींच्या नामांकित शिवणगृहात कारखान्याची मुख्य झाली. धाकट्या जागेवरून मोठ्या जागेवर जायला तिला बारा-तेरा वर्षे लागली.

१९०७ साली त्या झाक दूसे यांच्या शिवणगृहात गेल्या. त्या काळी तिकडच्या बायका कॉर्सेट घालीत. कॉर्सेट म्हणजे आतून ताठ पट्ट्या घातलेला, दोऱ्यांनी आवळलेला तंग कंबरबंद. त्यात मोकळा श्वास घेणेही कठीण. व्हियोनेबाईंनी कॉर्सेटशिवाय घालायचे कपडे केले. दुकानातल्या विक्री करणाऱ्या बायकांनाच ते पसंत पडले नाहीत. तेव्हा १९१२ साली बाईंनी स्वतःचे शिवणगृह काढले. दोन वर्षांत महायुद्ध आले आणि ते बंद करावे लागले. युद्ध संपल्यावर त्यांनी पुन्हा दार उघडले, आणि या वेळी नाव सर्वत्र झाले.

नाव झाले ते उरेप कापणीमुळे. ही गोष्ट आपल्याला चटकन समजेल. गळ्याला आतून लावायची पट्टी आपण सरळ कापडातून कापत नाही, उभ्या आणि आडव्या धाग्याच्या बरोबर मधून तिरकी कापतो. तशी पट्टी ताणली जाते आणि चुणी न पडता गोल वळते. जे आपण दोन बोटांच्या पट्टीत करतो, ते व्हियोनेबाईंनी सबंध पोशाखात केले. कापड अंगावर सैल, पाण्यासारखे पडे आणि चालताना अंगाबरोबर हले. कंबर आवळण्याची गरजच राहिली नाही.

पण उरेपाचे काम सोपे नाही. कापड जास्त लागते, म्हणून त्या नेहमीपेक्षा मोठ्या पन्ह्याचे रेशमी क्रेप विणवून घेत. शिवाय तिरके कापड आपल्या वजनाने खाली उतरते. मी माझ्या भाचीला छत्रीच्या घेराचा पहिला फ्रॉक शिवला आणि लगेच दुमड घातली. दुसऱ्या दिवशी घेर चार ठिकाणी लोंबू लागला! असा कपडा आधी टांगून ठेवावा, उतरायचा तेवढा उतरू द्यावा आणि मगच खालची कड सारखी करावी, हे मी तेव्हा शिकले.

व्हियोनेबाई कागदावर चित्र काढून कपडा ठरवीत नसत. लाकडाची एक लहान बाहुली पुढे घ्यायची, तिच्यावर कापड गुंडाळायचे, टाचण्या लावायच्या, पुन्हा सोडायचे. मनासारखे जमले की मोठ्या मापात कापायचे. तेव्हा चित्रकला येत नाही म्हणून कोणी मुलीने मागे हटू नये.

१९२३ साली त्यांचे शिवणगृह पॅरिसच्या मोंतेन रस्त्यावर मोठ्या वास्तूत गेले. काही काळाने तिथे सुमारे १,२०० माणसे काम करू लागली. त्यांत शिकाऊ मुली होत्या, कापणाऱ्या होत्या, हातशिलाईवाल्या होत्या. या हातशिलाईवाल्यांना तिकडे ‘छोटे हात’ म्हणतात. प्रत्येक कारखान्यावर एक मुख्य बाई असे. गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या वेगळ्या, कपडे घालून दाखवणाऱ्या वेगळ्या. भरतकाम लेसाज यांच्या कारखान्यातून होऊन येई. या धंद्यात कोणकोणती कामे असतात असे मुली विचारतात, त्याचे उत्तर एवढ्यात आले.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते पुढचेच. शिवणाऱ्या मुली तेव्हा बिनपाठीच्या स्टुलावर दिवसभर वाकून बसत. व्हियोनेबाईंनी त्यांना पाठ असलेल्या खुर्च्या दिल्या. जेवणघर काढले, दवाखाना आणि दातांचा डॉक्टर ठेवला. बाळंतपणाची सोय केली, भरपगारी रजा दिली. फ्रान्समध्ये सर्वांना पगारी रजेचा कायदा १९३६ साली झाला, बाईंनी ती त्याआधीच सुरू केली होती. बाराव्या वर्षी कामाला लागलेल्या बाईला पाठ कशी दुखते ते पुस्तकातून शिकावे लागले नाही.

त्यांच्या कपड्यांच्या नकला फार होत. त्या थांबवण्यासाठी त्या प्रत्येक पोशाखाची समोरून, मागून व बाजूने छायाचित्रे काढून ठेवीत, आणि आत शिवायच्या चिठ्ठीवर सहीबरोबर आपल्या अंगठ्याचा ठसा उमटवीत. आपल्याकडे अंगठा म्हणजे लिहिता न येणाऱ्याची खूण. व्हियोनेबाईंनी तोच अंगठा कसबाची खूण म्हणून मिरवला. माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईला हे वाचून फार बरे वाटले.

१९३९ साली दुसरे महायुद्ध आले आणि बाईंनी शिवणगृह बंद केले ते कायमचे. १९५२ साली त्यांनी आपले पोशाख, नमुने आणि छायाचित्रांच्या वह्या पॅरिसमधल्या वेशभूषेच्या एका संग्रहाला देऊन टाकल्या, म्हणजे पुढच्यांना शिकता यावे. २ मार्च १९७५ रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

भगिनींनो, आपल्या गल्लीतही अशा कितीतरी जणी शिवतात. शेजारधर्म म्हणून दोन टाके आपण एकमेकींचे जरूर घालावेत. पण सबंध पोलके शिवून घेतले तर तिची शिलाई त्याच दिवशी हातावर ठेवावी, आणि कोणी विचारले की कुठे शिवलेत, तर तिचे नाव अभिमानाने सांगावे. आपल्या वर्गातल्या मुलींनी कसब शिकावे, आणि त्या कसबाचा मान आपण राखावा, एवढेच मागणे.