कल्याणचा विद्यार्थी : रेव्हरंड ना. वा. टिळक

'टिळक' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लोकमान्य उभे राहतात, आणि ते साहजिकच आहे. परंतु त्याच काळात, त्याच कोकणच्या मातीतून आलेले आणखी एक टिळक महाराष्ट्रात होऊन गेले. शाळेत 'फुलामुलांचे कवी' एवढीच त्यांची ओळख होते आणि पुढे आपण त्यांना विसरतो. ज्या कल्याणच्या फलाटावर आपण रोज लोकलसाठी धक्के खातो, त्या कल्याणातच १८६९ ते १८७३ या काळात नारायण वामन टिळक हा मुलगा प्राथमिक शिक्षण घेत होता, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल? मलाही ते अलीकडेच कळले.

जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. घराणे चित्पावन ब्राह्मणाचे. कल्याणहून आगगाडीचा एक फाटा पुण्याकडे जातो, दुसरा नाशिककडे. नारायणाची वाट नाशिककडे वळली. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्याने संस्कृत काव्याचा अभ्यास केला, थोडे इंग्रजीही शिकला आणि पोटामागे लागला. १८८० साली लग्न झाले. वधू जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, वय अवघे अकरा. सासरी ती लक्ष्मी झाली. टिळक कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी नागपूरच्या आप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांच्या कामावर, असे गावोगाव फिरत राहिले. पैसा हातात टिकत नव्हता आणि नोकरीही टिकत नव्हती. पण मनात एक विचार मात्र पक्का घर करून होता : जातिभेद मोडणारा, माणसाला माणसाजवळ आणणारा धर्म आपल्या देशाला हवा, आणि तो कोठे नसेल तर आपणच स्थापावा!

१८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. गाडीच्या डब्यात एका परदेशी मिशनऱ्याशी गाठ पडली. गप्पा काव्यावरून धर्मावर आल्या. उतरताना त्या गृहस्थाने त्यांना बायबल दिले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते पटले नाही, पण पुस्तक वाचण्याचा शब्द त्यांनी दिला व पाळला. ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनापर्यंत ते आले आणि तेथेच अडकले. शत्रूवर प्रेम करा, देव आणि धन या दोघांची चाकरी एकदम करता येत नाही, ही शिकवण त्यांच्या जिवाला भिडली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथवर गोष्ट सोपी आहे. खरी कसोटी पुढे आहे. त्या काळी धर्मांतर म्हणजे जिवंतपणी मरण. भाऊबंद तुटले, मित्र तुटले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आश्रयाला राहिल्या, मनाने पार खचल्या. आपण थोर माणसांची चरित्रे लिहिताना त्यागाचे कौतुक करतो, पण त्या त्यागाची किंमत पुष्कळदा घरातले दुसरेच कोणीतरी मोजत असते. टिळकांनी देव निवडला. लक्ष्मीबाईंना कोणी विचारले होते? हा प्रश्न मला टाळता येत नाही, आणि टिळकांच्या भक्तांनीही तो टाळू नये असे वाटते.

मात्र टिळकांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १८६६ च्या कायद्याने अशा धर्मांतरिताला एक वाट मोकळी ठेवली होती. धर्म बदलला म्हणून पत्नी नांदायला तयार नसेल, तर न्यायालयातून विवाह रद्द करून घेऊन पुन्हा लग्न करता येत असे. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. सुमारे पाच वर्षांनी लक्ष्मीबाई आल्या, तरी अहमदनगरला आधी त्यांचा स्वयंपाक वेगळा, सोवळे वेगळे! टिळकांनी सक्ती केली नाही. हळूहळू त्यांचे मनच बदलले आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळक १९०४ मध्ये पाळक झाले, १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन करू लागले. इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते त्यांना परकी वाटत. त्यांनी मराठी ख्रिस्ती मंडळींना अभंग दिले, भजन दिले, कीर्तन दिले. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरविण्यात त्यांचा पुढाकार होता. तेथे चमकलेला पोरसवदा ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, पुढे त्यांच्या घरी मुलासारखा राहिला. शेवटपर्यंत हिंदूच राहिला.

आणि मग १९१७. वय पंचावन्नच्या पुढे, प्रकृती खालावलेली. या वयात माणूस पेन्शनीचा हिशेब मांडतो. टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. पगार घेऊन ख्रिस्ताची सेवा करणाऱ्याचे बोल आपल्या देशबांधवांच्या काळजाला लागत नाहीत, असे त्यांना वाटे. माझ्या मते १८९५ पेक्षा हे पाऊल अवघड होते. तेव्हा तारुण्याचा जोम होता; आता सोडायचे होते ते हक्काचे, कष्टाने मिळवलेले.

दरबार फार काळ चालवणे त्यांच्या नशिबी नव्हते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दफन न करता दहन करण्यात आले. 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य थोड्याच अध्यायांनंतर अर्धवट राहिले होते. ज्या बाईंनी कधी शाळेची पायरी चढली नव्हती, त्या लक्ष्मीबाईंनी लेखणी उचलली आणि राहिलेले बहुतेक सारे अध्याय लिहिले.