मोडशी, मोर्देशी आणि कुत्र्याचे मरण

उरण तालुक्यातल्या घारापुरी बेटावर आज हजारो पर्यटक लाँचने येतात, लेणी पाहतात आणि परततात. या लेण्यांचे वर्णन ज्या पहिल्या काही युरोपीय लोकांनी लिहून ठेवले, त्यांतला एक डॉक्टर होता. त्याचे नाव गार्सिया द ऑर्ता. त्याने ती पाहिली तेव्हा वसई अजून पोर्तुगीजांच्या हाती आलेली नव्हती, लढाई चालू होती. नंतर डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना दिला. बेटाचे स्थानिक नाव ऑर्ताने पोरी असे नोंदवले. ते आपल्या ‘पुरी’चे पोर्तुगीज रूप. स्थानिक नाव कान देऊन ऐकायचे आणि लिहून ठेवायचे, ही त्याची सवयच होती. त्याच सवयीमुळे एका मराठी शब्दाला युरोपच्या वैद्यकात जागा मिळाली.

ऑर्ताचा जन्म सुमारे १५०० सालचा, पोर्तुगालच्या सरहद्दीवरच्या कास्तेलो दे व्हिदे या गावचा. आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू. पोर्तुगालमध्ये १४९७ साली ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. असे बाटवलेले लोक ‘नवे ख्रिस्ती’ म्हणून ओळखले जात आणि कायम संशयाच्या छायेत राहत. ऑर्ता स्पेनमध्ये सालामांका आणि आल्काला इथे शिकला, परत येऊन वैद्यकी केली, लिस्बनच्या विद्यापीठात शिकवले. मार्च १५३४ मध्ये मार्तिम अफोन्सो द सूझाच्या आरमाराबरोबर तो हिंदुस्थानकडे निघाला आणि सप्टेंबरात गोव्याला पोहोचला. दोनच वर्षांनी पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन सुरू झाले. तो मायदेशी परत गेला नाही.

गोव्यात त्याची वैद्यकी उत्तम चालली. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारातही त्याचे जाणे-येणे होते. तिथे अरब आणि इराणी हकिमांशी त्याचे वाद झडत. रोगांची आणि औषधांची लॅटिन नावे तो निजामशहाला सांगे आणि अरबी नावे निजामशहाकडून शिके. पुढे मुंबई बेट त्याला पोर्तुगीज राजसत्तेकडून भाडेपट्ट्याने मिळाले. तिथे त्याची बाग होती आणि वर्षातून दोनदा फळणारे एक आंब्याचे झाडही होते.

या साऱ्या अनुभवाचे पुस्तक १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून झाले. पुस्तक संवादरूपात आहे. युरोपातून नुकताच आलेला रुआनो नावाचा काल्पनिक डॉक्टर प्रश्न विचारतो आणि ऑर्ता उत्तरे देतो. रुआनो ग्रीक-अरब ग्रंथांचे दाखले देतो, ऑर्ता डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. छपाई इतकी सदोष की शुद्धिपत्रच लांबलचक झाले. पण मजकूर अस्सल.

त्यातल्या एका संवादात मध्येच एका रोग्याकडून बोलावणे येते आणि विषय पटकीकडे वळतो. ऑर्ता इथे आधी नावे मांडतो. युरोपीय वैद्य या रोगाला कॉलरा म्हणत. हा ग्रीक शब्द बहुधा पित्तवाचक ‘खोले’वरून आला. पित्त खवळून उलट्या-जुलाब होतात, अशी ग्रीकांची समजूत होती. अरबांचा शब्द हैदा, त्याचा उच्चार आपल्याकडे हैजा झाला. आयुर्वेदातला शब्द विषूचिका, सुई टोचावी तशा वेदनांवरून पडलेला. आणि इथले लोक या रोगाला मोर्शी म्हणतात, त्याचे आम्ही पोर्तुगीजांनी मोर्देशी केले, असे ऑर्ताने नोंदवले.

ही मोर्शी म्हणजे आपली मोडशी. आज कोकणात मोडशी झाली म्हणजे अपचन झाले, पोट बिघडले, एवढाच अर्थ राहिला आहे. ओवा-सुंठ घेतली की काम भागते. पण त्या काळी हा शब्द माणूस काही तासांत संपवणाऱ्या रोगाचा होता. त्याचे मूळ ‘मोडणे’ या क्रियापदात सांगतात. शरीरच मोडून पडते, म्हणून मोडशी. ग्रीक शब्द कारण शोधत होता आणि ते कारण चुकीचे निघाले. मराठी शब्दाने रोग्याची दशा तेवढी सांगितली आणि ती आजही खरी आहे.

ऑर्ताने लिहिलेली लक्षणे आजच्या डॉक्टरलाही ओळखू येतील. नाडी लागत नाही, थंड घाम सुटतो, तहान भागत नाही, डोळे खोल जातात, पायांत गोळे येतात. युरोपातल्यापेक्षा इथला रोग फार उग्र, बहुधा चोवीस तासांत जीव घेणारा आणि जून-जुलैत जास्त दिसणारा, हेही त्याने टिपले. कारण मात्र त्याने अतिखाण्यात शोधले. दूषित पाणी आणि त्यातला जंतू यांचा उलगडा व्हायला अजून तीन शतके होती.

इथल्या वैद्यांचे उपचारही त्याने कमी न लेखता लिहिले. पायांना डाग देणे, हातपाय घट्ट बांधणे यांत आज राम नाही. पण मिरी आणि जिरे घातलेली तांदळाची पेज, म्हणजे कांजी, ते पाजत, ही नोंद मोलाची आहे. पटकीत आतड्यातून पाणी आणि क्षार वाहून जातात, रोगी त्यानेच मरतो. तांदळाच्या पिठूळ भागातून आतड्यात ग्लुकोज सुटते आणि ग्लुकोजबरोबर क्षार व पाणी पुन्हा शोषले जाते. मिठाची योग्य मात्रा नसेल तर नुसती पेज पुरेशी नाही, हे खरे. तरी तांदळाच्या पिठाचे मीठपाणी पटकीवर उपयोगी पडते, हे विसाव्या शतकात तपासून सिद्ध झाले. पोर्तुगीजांनी कांजी घरी नेली, तिथे ‘कांजा’ म्हणजे आता कोंबडीचे सूप.

मोर्देशीचा प्रवास त्याहून विचित्र झाला. क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने ऑर्ताच्या पुस्तकाचा संक्षेप १५६७ साली लॅटिनमध्ये काढला आणि तो युरोपभर गेला. डच प्रवासी लिन्सखोटेनने गोव्यातला हाच शब्द मोर्देशिन असा लिहिला. फ्रेंचांच्या कानाला तो ‘मोर द शियँ’ असा ऐकू आला. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होतो कुत्र्याचे मरण. रोगच असा की कोणाला तो अर्थ खटकला नाही. पुढे इंग्रज डॉक्टरांच्या लिखाणातही हे फ्रेंच रूप शिरले. १८१७ नंतर बंगालमधून पटकीची साथ जगभर पसरली, तेव्हा ग्रीक कॉलराच सर्वत्र रूढ झाला आणि मोर्देशी मागे पडली.

ऑर्ता १५६८ साली गोव्यात वारला. तोवर इन्क्विझिशन गोव्यातही आले होते, १५६० पासून. हयातीत त्याला कोणी हात लावला नाही. तो गेल्यावर त्याची बहीण कातारिना हिला पकडले आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजी गोव्यात जिवंत जाळले. ऑर्ता गुप्तपणे ज्यू धर्मच पाळत होता, असा ठपका चौकशीतून त्याच्यावर आला. डिसेंबर १५८० मध्ये त्याची हाडे थडग्यातून उकरून काढली गेली आणि तीही जाळण्यात आली. पणजीतल्या नगरपालिकेच्या बागेला आज त्याचे नाव आहे.