विश्लेषण : कपड्यांच्या बेतांतून आणि आगीतून वाचलेला इतिहास… आइसलँडचे आर्नी मॅग्नुसन कोण होते?

युरोपच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक वृत्ताच्या अगदी खाली असलेला आइसलँड हा जेमतेम चार लाख वस्तीचा देश. तरीही आठशे-नऊशे वर्षांपूर्वी तिथले लोक कसे राहत होते, कशावरून भांडत होते, त्यांचे कायदे कोणते होते, हे आज तपशीलवार सांगता येते. एवढेच नव्हे, तर १७०३ मध्ये या बेटावरच्या कोणत्या घरात कोण राहत होते, हेही नावानिशी सांगता येते. याचे मोठे श्रेय आर्नी मॅग्नुसन या एका माणसाकडे जाते. मात्र ज्या संग्रहासाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्याचा एक भाग त्यांच्या डोळ्यांदेखत जळाला. वाचलेला संग्रह मायदेशी परतायला सुरुवात व्हायलाही १९७१ साल उजाडावे लागले.

जन्म आणि शिक्षण कुठे?

आर्नी यांचा जन्म १३ नोव्हेंबर १६६३ रोजी पश्चिम आइसलँडमधील क्वेन्नाब्रेक्का येथे झाला. आइसलँडमध्ये आपल्यासारखे आडनाव नसते. मॅग्नुसन म्हणजे मॅग्नुस यांचा मुलगा. म्हणूनच तिथे मोठ्या माणसांचा उल्लेखही पहिल्या नावानेच होतो. आर्नी यांचे बालपण आजोळी, ह्वाम्मुर येथे गेले. मध्ययुगीन आइसलँडचे थोर इतिहासकार स्नोरी स्टर्लुसन यांचे जन्मस्थानही हेच. स्कालहोल्ट येथील धर्मपीठाच्या शाळेत शिकून आर्नी १६८३ मध्ये कोपनहेगनला गेले. आइसलँड तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होते आणि बेटावर विद्यापीठ नव्हते. त्यामुळे उच्च शिक्षणासाठी समुद्र ओलांडणे भागच होते.

हस्तलिखितांचा नाद कसा लागला?

कोपनहेगनमध्ये राजाने प्राचीन इतिहासाच्या संशोधनासाठी थॉमस बार्थोलिन या विद्वानाची नेमणूक केली होती. डेन्मार्कच्या जुन्या इतिहासाची साधने आइसलँडच्या भाषेत होती आणि ती वाचू शकणारा मदतनीस त्यांना हवा होता. आर्नी यांना हे काम मिळाले. जुनी पाने वाचायची, त्यांच्या नकला करायच्या आणि लॅटिनमध्ये भाषांतर करायचे, असे ते काम होते. बार्थोलिन १६९० मध्ये वारले. पुढे १६९७ मध्ये आर्नी राजाच्या दप्तरखान्यात सचिव झाले आणि १७०१ मध्ये कोपनहेगन विद्यापीठात प्राध्यापक.

ही साधने धोक्यात का होती?

आइसलँडमध्ये मध्ययुगात पुस्तके वासराच्या कातड्यापासून केलेल्या चर्मपत्रांवर लिहिली जात. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेनंतर तिथले मठ बंद झाले. कॅथलिक पंथाचे लॅटिन ग्रंथ निरुपयोगी ठरले आणि पुस्तके शेतकऱ्यांच्या घरांत विखुरली. सतराव्या शतकात कागद सहज मिळू लागला. जुन्या पुस्तकाची कागदावर नक्कल झाली, की काळवंडलेल्या आणि वाचायला अवघड असलेल्या मूळ चर्मपत्राचे काम संपत असे.

मात्र गरीब बेटावर चामडे कोणी फेकून देत नसे. त्यामुळे ही पाने दुसऱ्या पुस्तकांच्या बांधणीत गेली, कपडे बेतण्यासाठी नमुना म्हणून कापली गेली. एका हस्तलिखिताची पाने तर बिशपच्या टोपीला ताठपणा यावा म्हणून आत शिवलेली सापडली. शिवाय डेन्मार्क आणि स्वीडन या दोन वैरी राष्ट्रांना आपापला प्राचीन वैभवशाली इतिहास सिद्ध करण्यासाठी हीच पुस्तके हवी होती. परदेशी लोकांना हस्तलिखिते विकण्यावर डेन्मार्कच्या राजाने १६८५ मध्ये बंदी घातली, ती यामुळेच.

त्यांचे वेगळेपण कशात?

त्या काळचे संग्राहक देखणी, पूर्ण पुस्तके शोधत. आर्नी यांना फाटके पानही चालत असे. एका ठिकाणी मिळालेल्या पानाचा जोडीदार ते वर्षानुवर्षे दुसऱ्या गावी शोधत राहत. कोणते पान कोणाकडून आणि कुठून आले, हे ते चिठ्ठीवर नोंदवून ठेवत. मूळ प्रत मिळणार नसेल, तर ती उसनी घेऊन नक्कल करून घेत. नक्कल करणाऱ्याने मूळ लेखनात स्वतःची सुधारणा करू नये, असा त्यांचा आग्रह असे. आज हे नियम साधे वाटतात, पण तेव्हा ते नवे होते.

आइसलँडमध्ये वस्ती कशी झाली हे सांगणारा बाराव्या शतकातला ‘ईस्लेन्दिंगाबोक’ हा ग्रंथ आज उपलब्ध आहे, तो केवळ सतराव्या शतकातील नकलांमुळे. मूळ चर्मपत्र हरवले, नकला आर्नी यांच्या संग्रहात टिकल्या. अर्थात त्यांच्या हातूनही चुका झाल्या. विषयवार मांडणीसाठी त्यांनी काही बांधीव पुस्तके सुटी केली. त्यामुळे मूळ संच कसे होते, हे शोधण्याची मेहनत नंतरच्या अभ्यासकांना घ्यावी लागली.

१७०३ ची जनगणना काय होती?

सतराव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत आइसलँडवर थंडी आणि उपासमारीची वेळ आली होती. तिथली खरी परिस्थिती जाणून घेण्यासाठी राजा चौथा फ्रेडरिक याने १७०२ मध्ये आर्नी आणि पाउल विदालीन या कायदेतज्ज्ञाला पाहणीसाठी पाठवले. त्यांच्या सूचनेवरून १७०३ मध्ये गावोगावच्या कारभाऱ्यांनी घराघरांतील माणसे लिहून काढली. नाव, वय आणि घरातले स्थान अशी ही नोंद होती. त्यात मालक होते, गडी-मोलकरणी होत्या आणि गावाच्या आधारावर जगणारे निराधारही होते. ज्यांना घरच नव्हते अशा भटक्या भिकाऱ्यांनी ईस्टरच्या आदल्या रात्री जिथे आसरा घेतला, तिथे त्यांची नोंद करायची, असे ठरले होते.

एकूण ५० हजार ३५८ माणसे मोजली गेली. संपूर्ण देशाची नावानिशी नोंद असलेली आणि आजवर टिकलेली ही सर्वांत जुनी जनगणना मानली जाते. त्यासोबत शेतवाड्यांचीही मोजणी सुरू झाली. जमीन कोणाची, कसतो कोण, खंड किती, गुरे-मेंढ्या किती, पूर-वाळूने नुकसान किती, अशा प्रश्नांची ही पाहणी सुमारे दहा वर्षे चालली.

या नोंदींचे मोल लवकरच कळले. १७०७ ते १७०९ या काळात देवीच्या साथीने बेटावरील सुमारे एक चतुर्थांश लोक दगावले. त्यांच्यापैकी अनेकांची, विशेषतः गडीमाणसांची आणि निराधारांची, लेखी खूण उरली ती याच कागदांत.

संग्रह आइसलँडबाहेर का नेला?

पाहणीच्या निमित्ताने आर्नी बेटभर फिरले आणि पुस्तकेही जमवत गेले. १७१२ मध्ये ते कोपनहेगनला परतले, पण स्वीडनशी युद्ध सुरू असल्याने समुद्रमार्ग धोक्याचा होता. हस्तलिखिते आणि कागदपत्रांनी भरलेल्या ५५ पेट्या मागेच राहिल्या आणि १७२० मध्ये जहाजाने पोहोचल्या. जतन करायला सुरक्षित इमारती, अभ्यासक आणि पैसा हे सगळे राजधानीतच होते. त्यामुळे त्या काळी हा निर्णय शहाणपणाचा वाटणे साहजिक होते. पण त्यामुळे एका देशाची बहुतेक स्मृती परक्या शहरातल्या एका घरात गोळा झाली.

१७२८ च्या आगीत काय घडले?

२० ऑक्टोबर १७२८ च्या संध्याकाळी कोपनहेगनमध्ये आग लागली. ती आपल्या गल्लीपर्यंत येईल, असे आर्नी यांना सुरुवातीला वाटले नाही आणि मोलाचे तास निघून गेले. दुसऱ्या दिवशी फिन्नुर योन्सन आणि योन ओलाफसन या आइसलँडच्या दोन तरुणांच्या मदतीने गाड्यांतून पुस्तके हलवायला सुरुवात झाली. आग दाराशी आल्यावर उरलेले सोडून निघावे लागले. जुनी चर्मपत्रे बहुतांशी वाचली. छापील ग्रंथ जवळजवळ सगळे गेले, कागदी हस्तलिखितांपैकी बरीच गेली आणि आर्नी यांची स्वतःची आयुष्यभराची टिपणेही गेली. विद्यापीठाचे ग्रंथालयही याच आगीत खाक झाले. आर्नी यांचे राहते घर उरले नाही. पुस्तकांचे नुकसान त्यांच्या मनाला कायमचे लागले.

सव्वा वर्षानंतर, ७ जानेवारी १७३० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना मूल नव्हते. मृत्युपत्राने त्यांनी आपला संग्रह आणि पैसा कोपनहेगन विद्यापीठाच्या हवाली केला. आइसलँडच्या विद्यार्थ्यांना या पैशातून मदत मिळावी, अशीही तरतूद झाली.

मायदेशी परत कधी?

आइसलँड १९४४ मध्ये प्रजासत्ताक झाले आणि हस्तलिखितांची मागणी जोर धरू लागली. ती विद्यापीठाला कायदेशीर मृत्युपत्राने मिळाली आहेत, हा डेन्मार्कमधील विरोधकांचा मुद्दा होता. आइसलँडच्या लोकांनी लिहिलेली आणि त्यांच्याच घरांतून गेलेली पुस्तके त्यांच्याकडेच हवीत, हे दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते. डेन्मार्कच्या संसदेने १९६१ आणि पुन्हा १९६५ मध्ये परतीचा कायदा मंजूर केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अखेर २१ एप्रिल १९७१ रोजी डेन्मार्कच्या नौदलाचे जहाज पहिली हस्तलिखिते घेऊन रेक्याविकला पोहोचले, तेव्हा बंदरावर हजारो लोक जमले होते. ही परतफेड १९९७ पर्यंत चालली. आर्नी यांच्या सुमारे तीन हजार हस्तलिखितांपैकी निम्म्याहून अधिक आइसलँडला गेली आणि उरलेली कोपनहेगनमध्येच राहिली.

आज त्यांचा वारसा कुठे दिसतो?

आइसलँडमधील हस्तलिखित संशोधन संस्थेला आर्नी यांचेच नाव आहे. त्यांचा संग्रह २००९ मध्ये आणि १७०३ ची जनगणना २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत दाखल झाली. आइसलँडचे नोबेल विजेते लेखक हालदोर लाक्सनेस यांच्या एका गाजलेल्या कादंबरीतील विद्वान संग्राहक आर्नी यांच्यावरून बेतलेला आहे. रेक्याविकमध्ये २०२३ मध्ये हस्तलिखितांसाठी नवी इमारत उभी राहिली आणि अनेक पानांची छायाचित्रे आता मोबाइलवरही पाहता येतात. एकच प्रत एकाच घरात असेल तर काय होते, हे १७२८ मध्ये दिसले होते. आर्नी यांनी नकलांचा जो आग्रह धरला होता, तो तीनशे वर्षांनी असा पूर्ण होतो आहे.