वेड्यांच्या इस्पितळातली पोरं, माँटेसरी बाई आणि प्रत्येक मुलासाठीचा वेगळा आराखडा

पुरुषोत्तमनगर म्हटलं की नंदुरबार जिल्ह्यात आधी आठवतो तो शहाद्याजवळचा सातपुडा साखर कारखाना. पण समजा, इथल्याच एखाद्या शाळेत कमी ऐकू येणारं किंवा उशिरा शिकणारं मूल आलं, तर काय करायचं?

त्याच्यासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा करायचा. शिक्षक त्याला आयईपी म्हणतात. मुलाला आज काय येतं, वर्षभरात कुठवर न्यायचं, त्यासाठी छोट्या पायऱ्या कोणत्या, मदत कोण करणार आणि तपासणी कधी होणार, हे सगळं त्यात एकाच मुलापुरतं लिहायचं असतं.

हा आराखडा अलीकडचा. त्यामागचा विचार मात्र शंभर वर्षांहून जुना आहे, आणि तो रुजवणाऱ्यांमधलं एक नाव आपण गल्लोगल्ली शाळांच्या पाट्यांवर वाचतो. माँटेसरी.

मारिया माँटेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० चा, इटलीतला. मुलीनं शिक्षिका व्हावं असं वडिलांना वाटत होतं, पण मारियांनी वैद्यकीचा हट्ट धरला. पुरुषांसोबत शवविच्छेदन करायची परवानगी नव्हती, म्हणून सगळे गेल्यावर त्या एकट्या ते काम करायच्या. १८९६ मध्ये त्या रोम विद्यापीठातून डॉक्टर झाल्या.

पुढच्याच वर्षी विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करताना त्यांना वेड्यांच्या इस्पितळात जावं लागलं. तिथं मतिमंद ठरवलेली मुलं मोठ्या रुग्णांसोबतच ठेवलेली असत. असं सांगतात की, जेवण झाल्यावर ही मुलं जमिनीवर पडलेले पावाचे तुकडे गोळा करून त्यांच्याशी खेळायची. सांभाळणाऱ्या बाईला तो हावरटपणा वाटला. माँटेसरींनी आजूबाजूला पाहिलं, तर त्या खोलीत मुलांना हातात धरायला दुसरं काहीच नव्हतं.

या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज जास्त आहे, असं त्यांचं मत झालं. इतार आणि सेगॅं या फ्रेंच डॉक्टरांचं जुनं काम त्यांनी शोधून वाचलं. १९०० मध्ये रोममध्ये अशा मुलांसाठी शाळा निघाली आणि माँटेसरी तिच्या सहसंचालक झाल्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या मुलांमध्ये असायच्या. कोण कुठं अडतं ते बघायचं, टिपायचं आणि त्यावरून साधनं बदलायची.

तिथल्या एका अकरा वर्षांच्या मुलीला शिवण काही केल्या जमेना. माँटेसरींनी तिच्या हातातली सुई काढून घेतली आणि कागदाच्या पट्ट्या विणायला दिल्या. एक पट्टी वर, एक खाली. ते हाताला बसल्यावर पुन्हा सुई दिली, तर ती शिवायला लागली. ती अडत होती ती पायरी कुणी दिलीच नव्हती. आजच्या आयईपीचं मर्म हेच आहे.

या शाळेतली काही मुलं सर्वसाधारण मुलांच्या बरोबरीनं परीक्षा पास झाली. लोकांना चमत्कार वाटला. माँटेसरींना मात्र वेगळाच प्रश्न पडला. ही मुलं इथवर येतात, तर धडधाकट मुलांना शाळा एवढ्यावरच का अडवते? त्यातूनच ६ जानेवारी १९०७ ला सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचं पहिलं बालगृह सुरू झालं.

१९३९ मध्ये त्या मुलगा मारिओसोबत भारतात, मद्रासजवळच्या अड्यारला आल्या. युद्धात इटली शत्रुपक्षात गेल्यावर इंग्रजांनी मारिओंना अटक केली. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी त्यांची सुटका झाली. या काळात त्यांनी इथल्या शिक्षकांना शिकवलं. ६ मे १९५२ ला नेदरलँड्समध्ये त्यांचं निधन झालं.

त्या येण्याआधीच गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला ही पद्धत आपल्या मातीत आणली होती. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. मूल येत नसेल तर शाळेनं हलायचं, हा तोच विचार.

अमेरिकेत १९७५ च्या कायद्यानं प्रत्येक दिव्यांग मुलासाठी आयईपी बंधनकारक झाला. भारतात दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये आला. त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मान्य झालं आणि मुलाला गरजेप्रमाणे वैयक्तिक मदत देणं, प्रत्येकाच्या प्रगतीवर लक्ष ठेवणं हे शाळांचं काम ठरलं.

गंमत अशी की, आज माँटेसरी म्हटलं की फी भरून चालणारी बालवाडी डोळ्यांपुढे येते. ज्या मुलांकडून बाई हे सगळं शिकल्या, त्यांच्यासाठी दार उघडं आहे का, हे पाटीवरून कळत नाही. ते कळतं आराखड्यावरून. दहा मुलांच्या दहा कागदांवर फक्त नावं वेगळी आणि मजकूर सारखाच असेल, तर ती शिवण अडलेली मुलगी अजून सुई हातात धरून बसलेलीच आहे.