हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) : दीर्घ आजारातील बंदगी

चार दिवसांचा ताप माणूस कसाबसा सोसतो. वर्षानुवर्षे न हटणारा आजार मात्र केवळ शरीराचीच नव्हे, ईमानाचीही परीक्षा घेतो. नमाज कशी अदा करावी, किती उपचार करावेत, भेटीस येणाऱ्यांना तोंड कसे दाखवावे, हे प्रश्न अशा रुग्णासमोर रोज उभे राहतात. सहाबांपैकी हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांनी हे सर्व अनुभवले. त्यांचे जीवन प्रत्येक रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनी जाणून घ्यावे असे आहे.

ते खुजाआ कबिल्यातील होते. अबू नुजैद ही त्यांची कुन्नियत. हिजरी सन 7 मध्ये, खैबरच्या मोहिमेच्या वर्षी, त्यांनी इस्लाम स्वीकारला. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचे इस्लाममध्ये आगमनही याच वर्षीचे. पुढे ते प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्यासोबत अनेक मोहिमांत सहभागी झाले.

प्रेषितांच्या हयातीतच त्यांना मूळव्याधीचा त्रास होता. हा आजार असा, की माणूस वैद्यासमोरही संकोचतो. हया ही केवळ भलाईच घेऊन येते, ही प्रेषितांची शिकवण आपल्यापर्यंत पोहोचविणारे सहाबी हेच. परंतु धर्माची गोष्ट विचारण्याच्या आड त्यांनी हया येऊ दिली नाही. या अवस्थेत नमाज कशी अदा करावी, असे त्यांनी प्रेषितांना विचारले. उभे राहून अदा करावी, ते न जमल्यास बसून आणि तेही न जमल्यास कुशीवर पडून, असे मार्गदर्शन त्यांना मिळाले. ही हदीस सहीह बुखारीत आहे. आज रुग्णालयातील खाटेवर किंवा घरी खुर्चीवर बसून नमाज अदा करणारा प्रत्येक मुस्लिम या एका प्रश्नाचा ऋणी आहे. नमाज माफ व्हावी म्हणून तो प्रश्न नव्हता. ती सुटू नये म्हणून होता.

पाणी न मिळाल्यामुळे जमातीपासून दूर बसलेल्या एका माणसाला प्रेषितांनी स्वच्छ मातीने तयम्मुम करण्यास सांगितले, हा प्रसंगही हजरत इमरान (रजि.) यांनीच कथन केला आहे. अडचणीतही इबादतीची वाट खुली असते, हे त्यांनी पाहिले आणि आयुष्यभर शिकविले.

हजरत उमर (रजि.) यांनी आपल्या खिलाफतीत लोकांना दीन शिकविण्यासाठी त्यांना बसऱ्याला पाठविले. पुढे काही काळ ते तेथील काझीही होते. ते पद त्यांनी स्वतःहून सोडले. बसऱ्याच्या मशिदीत एक पांढऱ्या केसांचे वृद्ध गृहस्थ खांबाला टेकून बसले आहेत, भोवती लोक जमले आहेत आणि ते हदीस सांगत आहेत, असे त्यांचे वर्णन एका ताबईने केले आहे. एकदा ते उंची शाल पांघरून बाहेर आले तेव्हा लोकांना नवल वाटले. अल्लाहने दिलेल्या देणगीची खूण बंद्यावर दिसावी हे अल्लाहला आवडते, ही प्रेषितांची शिकवण त्यांनी त्या वेळी ऐकविली.

बसऱ्यात त्यांना जलोदर जडला. इब्ने सीरीन (रह.) यांच्या कथनानुसार तो सुमारे 30 वर्षे राहिला. त्यांची अवस्था पाहवत नसल्याने भेटीस येणे जड जाते, असे त्यांचे शिष्य मुतर्रिफ (रह.) यांनी एकदा सांगितले. तेव्हा त्यांनी समजाविले की, या कारणाने येणे टाळू नये. अल्लाहला जे प्रिय, तेच आपल्यालाही प्रिय आहे. रुग्णाकडे पाहवत नाही म्हणून भेट टाळणाऱ्या आप्तेष्टांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. ज्याच्यावर आजार आला तो स्थिर होता. धीर सुटला होता तो पाहणाऱ्याचा.

तापलेल्या लोखंडाने डाग देण्याचा उपचार लोक त्यांना सुचवीत आणि ते नाकारीत. शेवटी मृत्यूच्या दोन वर्षे आधी त्यांनी तो करून घेतला, पण गुण आला नाही. सहीह मुस्लिममधील कथनानुसार फरिश्ते त्यांना सलाम करीत असत. डाग घेतल्यावर तो सलाम थांबला आणि हा उपचार सोडल्यावर पुन्हा सुरू झाला. ही गोष्ट आपल्या हयातीत कोणाला सांगू नये, अशी ताकीद त्यांनी मुतर्रिफ (रह.) यांना दिली होती. यावरून औषधोपचार टाळावेत असा अर्थ कोणी काढू नये. प्रेषितांनी उपचार करण्याची आज्ञा दिली आहे, आणि हजरत साद बिन मुआज (रजि.) यांच्या जखमेला स्वतः डाग दिला होता. प्रेषितांची नापसंती डागण्याच्या उपचाराबाबत होती, वैद्यकाबाबत नव्हे.

हिजरी सन 52 मध्ये बसऱ्यातच त्यांचे निधन झाले. आजार अखेरपर्यंत हटला नाही, पण त्यांची नमाज सुटली नाही आणि त्यांनी शिकविलेले ज्ञान आजही उपयोगी पडत आहे. बंदा आजारी पडला तर निरोगी असताना तो जे सत्कर्म करीत असे, त्याचे पुण्य त्याच्या नावे लिहिले जाते, अशी शुभवार्ता प्रेषितांनी दिली आहे. म्हणून बसून नमाज अदा करणाऱ्या वृद्ध पित्याने किंवा पडल्यापडल्या इशाऱ्याने सजदा करणाऱ्या मातेने आपली बंदगी उणी समजू नये, आणि घरच्यांनीही तिला उणे लेखू नये.

अल्लाह सर्व रुग्णांना शिफा देवो आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना सब्र देवो. आमीन.