डॉ. विक्रम साराभाई : गिरणीच्या गावातून अवकाशाकडे

नळाला रोज पाणी नाही आणि हे निघाले चंद्रावर, असा टोमणा आमच्या शुक्रवार पेठेत मी लहानपणापासून ऐकत आले. मित्रांनो, प्रश्न चुकीचा नाहीच. पण हाच प्रश्न साठ वर्षांपूर्वी एका माणसालाही विचारला जायचा, आणि त्याने त्याचं उत्तर भाषणापेक्षा कामातून जास्त दिलं. तो माणूस म्हणजे भारतीय अवकाश कार्यक्रमाचे जनक डॉ. विक्रम साराभाई.

१२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादला त्यांचा जन्म झाला. आपल्या सोलापूरसारखंच ते गिरण्यांचं गाव. घर गिरणीमालकाचं, पैशाला तोटा नाही. पण विक्रम केंब्रिजला विज्ञान शिकायला गेले. दुसरं महायुद्ध पेटल्यावर परत येऊन त्यांनी बंगलोरला सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली विश्वकिरणांवर संशोधन केलं. १९४७ मध्ये पीएच.डी. पूर्ण करून आले आणि त्याच वर्षी अहमदाबादला फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी सुरू केली. वय फक्त २८! कापड उद्योगासाठी 'अटिरा' ही संशोधन संस्थाही त्याच सुमाराची. टेक्स्टाईलवाल्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

१९६२ साली त्यांच्या अध्यक्षतेखाली अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती स्थापन झाली. रॉकेट सोडायला जागा निवडली केरळातलं थुंबा, कारण चुंबकीय विषुववृत्त तिथून जातं आणि वरच्या वातावरणाचा अभ्यास तिथे उत्तम होतो. मच्छीमारांच्या वस्तीतलं चर्च हेच ऑफिस झालं. रॉकेटचे भाग चक्क सायकलवरून नेले जायचे! २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिलं रॉकेट उडालं. ते अमेरिकन होतं. पण चारच वर्षांत, १९६७ मध्ये, आपलं स्वतःचं 'रोहिणी' उडालं. त्याचा व्यास होता जेमतेम ७५ मिलिमीटर. आज हसू येईल, पण सुरुवात अशीच होते ना?

साराभाईंना माणसं जमवता येत होती. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस सुरुवातीपासून त्यांच्यासोबत होते. रॉकेटच्या इंधनावर काम करणारे डॉ. वसंत गोवारीकर १९६७ साली इंग्लंडहून थुंब्याला आले. १५ ऑगस्ट १९६९ रोजी 'इस्रो' स्थापन झाली.

आता त्या टोमण्याचं उत्तर. साराभाईंना चंद्राच्या शर्यतीत बड्या देशांशी स्पर्धा करायची नव्हती. उपग्रहावरून खेड्यातल्या माणसाला शेती, आरोग्य, शिक्षण यांची माहिती द्यायची होती. त्यासाठी १९६९ मध्ये 'नासा'शी करार झाला. १९७५-७६ मध्ये वर्षभर सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहावरून थेट टीव्ही दिसला. त्यात आपल्या शेजारच्या विजापूर आणि गुलबर्गा जिल्ह्यांतली गावंही होती. ज्या गावाने कधी टीव्ही पाहिला नव्हता, तिथे तो थेट अवकाशातून आला!

हे पाहायला साराभाई मात्र नव्हते. ३० डिसेंबर १९७१ रोजी केरळात कोवलमला, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी, ते झोपेतच गेले. त्यांच्या नावाचा 'विक्रम' लँडर २०१९ मध्ये चंद्रावर कोसळला, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी दुसरा 'विक्रम' अलगद उतरला.

आपण जर्नल सबमिशनच्या आदल्या रात्री उतरवतो आणि प्रोजेक्ट आयता आणतो. मग लॅबमध्ये सोयी नाहीत म्हणून कुरकुर करतो. थुंब्याला तरी कुठे होत्या? काम उत्तमच करायचं आणि ते आपल्या माणसांच्या उपयोगी पडेल असं करायचं, एवढं साराभाईंकडून घेतलं तरी पुष्कळ झालं. नळाच्या पाण्याचा प्रश्नसुद्धा शेवटी कुणा इंजिनिअरलाच सोडवायचाय. तो आपल्यापैकीच कुणी का नसावा?