घाटाचा कातळ वाचणारे इंजिनिअर : जेम्स बर्कले



'दरड का कोसळते?' हा प्रश्न वर्गात पावसाळ्यात हमखास येतो. अकलोलीच्या मुलांना मी आधी आपली गरम पाण्याची कुंडं आठवायला सांगते. कातळ अखंड दिसतो, पण त्याच्या भेगांतूनच पाणी वर येतं ना? डोंगरातही तसंच. पावसाचं पाणी भेगांत भरतं, आतून दाब देतं. त्यात भेगा उताराच्या दिशेने कललेल्या असल्या की वरचा थर घसरतो. हे सांगताना मी जेम्स जॉन बर्कले यांची गोष्ट सांगते.

त्यांचा जन्म १८१९ चा, लंडनजवळचा. रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली ते रेल्वेचं काम शिकले आणि १८५० मध्ये जीआयपी रेल्वेचे मुख्य इंजिनिअर म्हणून मुंबईत आले. १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी सगळ्यांना पाठ असते. पण खरी परीक्षा पुढे होती, सह्याद्री चढण्याची.

बोरघाटात सुमारे १८३१ फूट चढायचं होतं. बर्कले यांनी आधी डोंगर पायाखाली घातला. कुठला कडा पक्का, कुठे सुटे धोंडे, ओढे कुठून उतरतात, हे पाहून मार्गाच्या रेघा पुन्हा पुन्हा बदलल्या. (शिंग्रोबा धनगराने वाट दाखवली, ही लोककथाही मुलांना जरूर सांगा. जुन्या घाटरस्त्यावर त्याचं देऊळ आहे.) काही कडे इतके सरळ की मोजमापासाठी माणसं दोरांनी खाली सोडावी लागत. त्या माणसांची नावं पाठ्यपुस्तकात नाहीत.

१८५६ मध्ये काम सुरू झालं. पावणेसोळा मैल, २५ बोगदे, आणि सगळा टणक काळा बेसाल्ट! सुरुंग लावून तो फोडायचा, पण सुरुंगाने उरलेला कातळही खिळखिळा होतो. पावसात काम अडायचं. पटकीने मजूर मरत होते. मजुरी थकली म्हणून १८५९ मध्ये मजुरांनी दंगा केला, तेव्हा कंत्राटदार बदलला. नवे कंत्राटदार ट्रेडवेल आले आणि थोड्याच दिवसांत वारले. मग त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट हातात घेतलं. १८६१ मध्ये घाटावर चाळीस हजारांवर माणसं राबत होती.

बर्कले तोवर आजारी पडून इंग्लंडला परतले होते. ऑगस्ट १८६२ मध्ये ते वारले, वय अवघं ४२. बोरघाटातली रेल्वे २१ एप्रिल १८६३ ला सुरू झाली, थळघाटाची (आपला कसारा घाट) त्यानंतर दोन वर्षांनी. १८६७ च्या पावसाळ्यात बोरघाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला, तो पुन्हा बांधावा लागला.